‘हा भाग घरी वाचा’ : प्रौढ आशयाच्या साहित्याचे अध्यापन आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा वर्ग

मराठीच्या वर्गात काही पाने वाचली जात नाहीत. ‘बलुतं’, ‘अक्करमाशी’, ‘कोल्हाट्याचं पोर’, ‘आयदान’ यांपैकी एखादे पुस्तक अभ्यासक्रमाला असते. लेखकपरिचय होतो, आत्मकथन या वाङ्मयप्रकाराची लक्षणे सांगितली जातात, सामाजिक पार्श्वभूमी विशद केली जाते. आणि देहसंबंधाचा, ऋतुप्राप्तीचा किंवा अत्याचाराचा प्रसंग आला की अध्यापक दोन पाने उलटून म्हणतात, ‘हा भाग घरी वाचा.’ घरी तो वाचला जातोच असे नाही. ग्रंथालयात पुस्तकाच्या मोजक्याच प्रती. अनेकांची भिस्त गाईडवर, आणि गाईडकाराने तो भाग अध्यापकांच्याही आधी गाळलेला असतो. जो विद्यार्थी कुतूहलाने तेवढीच दोन पाने वाचतो, त्याच्या हाती पुस्तकातील सर्वांत वेदनामय प्रसंग एखाद्या चोरट्या चित्रासारखा येतो. मागचेपुढचे सारे आयुष्य त्यातून गळून गेलेले असते.

प्रौढ आशयाचे साहित्य अभ्यासक्रमात असावे की नसावे, या प्रश्नाची मराठीत पुष्कळ चर्चा झाली आहे. ते अभ्यासक्रमात आहे आणि तरीही शिकवले जात नाही, या अवस्थेची चर्चा त्या मानाने थोडी. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या अवस्थेविषयीचे असून चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील महाविद्यालयीन वर्ग त्यासाठी डोळ्यांपुढे ठेवला आहे. या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. येथील वर्गात झाडीबोली, गोंडी, माडिया बोलणारी मुले असतात. सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी, मुलचेरा-चामोर्शीकडची बंगाली बोलणारीही असतात. प्रमाण मराठी ही त्यांपैकी अनेकांची दुसरी वा तिसरी भाषा होय. ‘प्रौढ आशय’ ही संज्ञा येथे केवळ शृंगारापुरती घेतलेली नाही. लैंगिक व्यवहार, लैंगिक व इतर हिंसा आणि शिवराळ बोली या सर्वांचा तीत समावेश अभिप्रेत आहे.

अश्लीलतेच्या वादाचा मराठी इतिहास या वाचकवर्गाला परिचित आहे. त्यातील दोन-तीन गोष्टींचे स्मरण पुरेसे आहे. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधील खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हा त्या खटल्याचा विषय होता. खटला हरला आणि कर्वे यांना दंड झाला. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, हे या भागातील विद्यार्थ्याला लहानपणापासून ठाऊक असते; त्यांनी हा खटला लढवला होता, हे मात्र एम.ए.च्या वर्गातही क्वचितच सांगितले जाते. बा. सी. मर्ढेकर यांच्यावर ‘काही कविता’मुळे अश्लीलतेचा आरोप आला, खटला चालला, ते निर्दोष सुटले. त्याच मर्ढेकरांवाचून आज मराठी कवितेची प्रश्नपत्रिका पूर्ण होत नाही. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर (१९६५) आचार्य अत्रे यांनी कडाडून टीका केली, ती कादंबरीही पुढे संशोधनाचा विषय झाली. एका पिढीला जे अश्लील वाटले ते दुसऱ्या पिढीच्या अभ्यासक्रमात बसले, एवढ्याने अर्थात काहीच सिद्ध होत नाही. पुष्कळसे अश्लील लेखन विसरलेही गेले आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने अधिक उपयोगी आहे तो चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या कथेचा खटला. ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो निर्णय फिरवला. (काकोडकरांची कथा कोणा अभ्यासमंडळाने निवडली असे कधी ऐकिवात नाही, परंतु साहित्याच्या अध्यापकांना या खटल्याने जे दिले, ते कित्येक मान्यवर लेखकांच्या खटल्यांनी दिलेले नाही.) न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की, कृती संपूर्ण वाचली पाहिजे, आक्षेपार्ह उतारे तिच्यातून वेगळे काढून तपासता कामा नयेत, आणि कामव्यवहाराचा नुसता उल्लेख टाळायचा म्हटले तर धार्मिक ग्रंथांपलीकडे फारसे काही उरणार नाही. किशोरवयीन वाचकाचा विचार करावा, पण सर्व साहित्य त्याच्या मापाने कापून काढावे असे होत नाही, हेही त्या निकालात सूचित आहे. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ ला अपवाद जोडला गेला : विज्ञान, साहित्य, कला किंवा विद्याभ्यास यांच्या हिताचे म्हणून समर्थनीय ठरणारे लेखन या कलमाखाली येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्येही हा अपवाद कायम आहे. वयाच्या बाबतीत मात्र बदल झाला आहे. जुन्या कलम २९३ नुसार वीस वर्षांखालील व्यक्तीला अश्लील वस्तू देणे हा अधिक गंभीर गुन्हा होता. नव्या कलम २९५ मध्ये ‘बालक’ हा शब्द आहे, म्हणजे मर्यादा अठरावर आली. बी.ए.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील बहुसंख्य विद्यार्थी या दोन वर्षांच्या पट्ट्यात मोडतात. कायद्याने त्यांना आता प्रौढ वाचक मानले आहे. वर्गाने मानले आहे किंवा कसे, हा प्रश्न राहतो.

‘हा भाग घरी वाचा’ ही पद्धत नेमकी १९६९ च्या त्या तत्त्वाच्या उलट दिशेने चालते. जो भाग संपूर्ण कृतीतून वेगळा काढू नये असे न्यायालयाने म्हटले, तोच अध्यापक बोटाने दाखवून वेगळा काढतो. कृती अश्लील ठरते ती त्या क्षणी, आणि तसे ठरवणारी व्यक्ती पोलीस किंवा तक्रारदार नसून मराठीचा अध्यापक असते.

या मौनाचे समर्थन करताना विद्यार्थ्यांच्या संस्कारांचा हवाला दिला जातो. ‘आमच्याकडची मुले भोळी असतात, खेड्यांतून येतात’ असे अनेकदा म्हटले जाते. हे विधान या दोन जिल्ह्यांपुरते तरी तपासून पाहण्यासारखे आहे. धानाची कापणी झाली की झाडीपट्टीत मंडया भरतात, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे या नाटक मंडळ्यांचे केंद्र. दंडार आणि खडीगंमत हे त्याहून जुने प्रकार. खडीगंमतीतील सवाल-जवाब, स्त्रीवेशातील पुरुष नर्तक आणि शाहिराचे द्व्यर्थी बोलणे आजोबा, सून आणि शाळकरी नातू एकाच तट्ट्यावर बसून ऐकत आले आहेत. या रंगभूमीची दखल २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीने देशपातळीवरही घेतली गेली. गोंड समाजातील थट्टेची नाती, म्हणजे दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी यांच्यातील मोकळी चेष्टा, हीही विद्यार्थ्याच्या घरातलीच. त्याला देहाविषयीची भाषा नवी नाही. ती त्याला विनोदाच्या रूपात मिळालेली आहे, गंभीर रूपात मिळालेली नाही.

गंभीर रूपात ती न मिळण्याची किंमत किती असते, याचा एक पुरावा याच जिल्ह्यातून जगापुढे गेला. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ आठ टक्क्यांच्या आसपास होते. दुखणे होते, पण ते सांगण्याची जागा नव्हती. याच कामातून पुढे तरुणांसाठी ‘तारुण्यभान’ हा लैंगिक शिक्षणाचा उपक्रम उभा राहिला. माडिया व गोंड गावांतील कुर्माघर, म्हणजे मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीने गावाबाहेरच्या ज्या झोपडीत राहायचे ती जागा, येथील अनेक विद्यार्थिनींना स्वानुभवाने ठाऊक आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मधील ऋतुप्राप्तीचे पान अशा मुलीपुढे वाचू नये, कारण तिला संकोच वाटेल, असे म्हणण्यात काहीतरी चमत्कारिक आहे. संकोच वाटेल हे खरेच. पण ज्या पुस्तकात तिचा अनुभव पहिल्यांदा छापील मराठीत भेटतो, तेच पान वर्गाने ओलांडले, तर त्या ओलांडण्याचा अर्थही तिला बरोबर कळतो. विटाळाची रीत तिच्या ओळखीची असते.

देसाईगंजचे नाव आणखी एका कारणाने देशाच्या कायद्याच्या इतिहासात आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते; २६ ऑगस्ट १९८२ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन ते गडचिरोलीत गेले. सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पुन्हा मुक्त केले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, म्हणून तिची संमती होती, असा त्या निकालाचा आशय होता. पुढच्या वर्षी उपेन्द्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. निमूट शरण जाणे आणि संमती देणे यांतील भेद न्यायालयाला दिसला नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

या प्रकरणाचा साहित्याच्या अध्यापनाशी असलेला संबंध वरवरचा नाही. मौनाचा अर्थ कसा लावायचा, हा त्या निकालातील मूळ प्रश्न होता. आणि मौनाचा अर्थ लावणे हे साहित्याच्या वर्गाचे रोजचे काम आहे. कथेतील पात्र का बोलत नाही, निवेदक कोणाच्या बाजूने बोलतो, एखाद्या स्त्रीचे ‘वळण’ सांगणारा शब्द कोणाच्या तोंडी आहे, हे प्रश्न मराठीचा अध्यापक दररोज फळ्यावर लिहितो. तेच प्रश्न जेथे जीवनमरणाचे होतात ती पाने तो उलटत असेल, तर त्याच्या विद्यार्थ्याला देहाची भाषा दोनच ठिकाणी ऐकू येईल : खडीगंमतीच्या फडात आणि पोलिसांच्या पंचनाम्यात. अलीकडे त्यात मोबाईलच्या पडद्याची भर पडली आहे आणि ती या दोन्हींहून वाईट आहे. याच विद्यार्थ्यांतून उद्याचे शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस शिपाई आणि वकील व्हायचे असतात.

येथवरचे विवेचन प्रौढ आशय शिकवावा या बाजूचे झाले. परंतु न शिकवण्याच्या बाजूला एक कारण आहे, आणि ते संस्कारांच्या कारणाहून कितीतरी भक्कम आहे. दुर्दैवाने ते फारसे कोणी मांडत नाही. पुण्या-मुंबईच्या वर्गात हे साहित्य ‘त्यांच्या’विषयी असते, चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गात ते पुष्कळदा समोरच्या बाकावर बसलेल्या मुलामुलीविषयी असते. १९७८ साली ‘बलुतं’ आले तेव्हा दलित समाजातीलच काही सुशिक्षितांनी, हे चव्हाट्यावर कशाला आणता, असे विचारले होते. त्या प्रश्नाला केवळ भिडस्तपणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण मिश्र वर्गात आपल्या आजीच्या वाट्याला आलेली विटंबना दुसऱ्या कोणाच्या आवाजात वाचली जात असताना, इतरांच्या नजरा आपल्याकडे वळतात की काय, या धास्तीने मान खाली घालून बसणाऱ्या विद्यार्थ्याचे काय होते, याचे उत्तर त्या बाजूला सारण्यात नाही.

गोटुलचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. व्हेरियर एल्विन यांनी बस्तरमधील मुरिया समाजाच्या घोटुलावर १९४७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तो एका विशिष्ट समाजाचा दीर्घ अभ्यास होता. पण पुढे प्रवासवर्णनांतून, मासिकांतून आणि चित्रपटांच्या जाहिरातींतून ‘आदिवासींचे मुक्त कामजीवन’ असा त्याचा एकच अर्क उतरवला गेला आणि तो सरसकट सर्व गोंडांना लावला गेला. भामरागड-एटापल्लीच्या माडियांचा गोटुल मुरियांच्या घोटुलासारखा नाही. गावाच्या बैठकीची, पाहुण्याला उतरवण्याची, तरुणांनी वडीलधाऱ्यांकडून शिकण्याची ती जागा आहे. लोकसाहित्याच्या तासाला गोटुलाचे ते प्रचलित वर्णन जेव्हा वाचले जाते, तेव्हा वर्गात खसखस पिकते. माडिया विद्यार्थिनी त्या हशात नसते. तिच्या बाबतीत प्रौढ आशयाने चारित्र्यभ्रंश होईल ही भीती निरर्थक आहे. तिचा अपमान मात्र झालेलाच असतो, आणि तोही अध्यापकाच्या साक्षीने.

हिंसेच्या साहित्यालाही हेच लागू आहे. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी याच भूमीतली. ती गडचिरोलीच्या वर्गात वाचताना एका बाकावर पोलीस दलातील जवानाचा भाऊ आणि त्याच्या मागे, दलममध्ये गेलेल्या कोणाचा तरी नातेवाईक बसलेला असणे अशक्य नाही. दोघेही ही गोष्ट कोणाला सांगणार नाहीत, आणि त्यांनी ती सांगू नये यातच त्यांचे शहाणपण आहे. ‘तुमच्याकडे असे खरेच घडते का?’ हा अध्यापकाचा उत्साही प्रश्न अशा वर्गात प्रौढ आशयाच्या कोणत्याही पानापेक्षा अधिक घातक आहे.

झारखंडमध्ये २०१७ साली जे घडले ते या संदर्भात लक्षात घ्यावे लागेल. हांसदा सौवेन्द्र शेखर या संताळ लेखकाच्या इंग्रजी कथासंग्रहात संताळ स्त्रियांचे अश्लील चित्रण आहे, अशी तक्रार त्याच्याच समाजातून झाली. ऑगस्टमध्ये राज्य शासनाने पुस्तकावर बंदी घातली, आणि डिसेंबरमध्ये ती उठवली. बंदी चुकीचीच होती. पण तक्रारीच्या मुळाशी असलेले दुखणे, आपल्या स्त्रिया पुन्हा एकदा बाहेरच्यांच्या नजरेपुढे मांडल्या जात आहेत हे, खोटे म्हणता येणार नाही. मुंबई विद्यापीठात २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात अभ्यासक्रमातून काढली गेली, तेव्हा प्रश्न राजकीय भावनेचा होता. दोन्ही ठिकाणी वर्गात ते पुस्तक कसे वाचले जाते, याची चौकशी करण्याची गरज निर्णय घेणाऱ्यांना वाटली नाही.

आणखी एक वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे. दूरच्या खेड्यातून एस.टी.ने किंवा वसतिगृहात राहून शिकणारी, घराण्यातील पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी मुलगी असेल, तर ‘कॉलेजात काय वाचायला लावतात’ ही एक कुजबुज तिचे शिक्षण थांबवायला पुरेशी असते. अध्यापकाच्या धैर्याची किंमत अध्यापकाला द्यावी लागत नाही. फार तर प्राचार्यांच्या दालनात स्पष्टीकरण द्यावे लागते. ती किंमत मुलगी देते. म्हणून धिटाई हा येथे गुण मानण्याचे कारण नाही. पुस्तक कोणते, ते का निवडले, त्यात काय आहे, हे सत्राच्या पहिल्याच तासाला साध्या शब्दांत सांगणे अधिक महत्त्वाचे. जे आधी सांगितले जाते त्याची कुजबुज होत नाही. अवघड प्रकरण केव्हा वाचले जाणार हे आठवडाभर आधी कळले, तर ज्याला त्या दिवशी वर्गात बसणे शक्य नाही त्याला कारण न देता बाहेर राहता येते. वाचन अध्यापकाने स्वतः, एका संथ स्वरात, न थांबता करावे. ते विद्यार्थिनीला उभे करून वाचायला लावू नये. चर्चा पुस्तकातील पात्रांविषयी, निवेदकाविषयी, शब्दयोजनेविषयी व्हावी. विद्यार्थ्याने स्वतःचे सांगायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे, आणि त्याने सांगितले नाही तर ते न सांगणे गृहीत धरून पुढे जावे.

अकरावी-बारावीचा प्रश्न वेगळा आहे, पण येथे तो वेगळा राहत नाही. अनेक गावांत कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत भरते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपुढे काही उतारे ठेवू नयेत हे मान्य करता येते. कायदाही त्याच बाजूचा आहे. मात्र उतारा संक्षिप्त केला असेल तर तो केल्याचे पाठाखाली छापावे. मूळ कृती यापेक्षा मोठी व अधिक कठोर आहे हे विद्यार्थ्याला माहीत असावे. आज अडचण अशी आहे की कनिष्ठ वर्गासाठी योग्य असलेली सावधगिरी सवयीने वर चढते, आणि बावीस वर्षांच्या, कदाचित विवाहित असलेल्या एम.ए.च्या विद्यार्थिनीलाही अकरावीच्या मुलीप्रमाणे वागवले जाते.

प्रश्नपत्रिकेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि वर्गातील मौन तेथेच पक्के होते. ‘अमुक आत्मकथनातील सामाजिक जाणीव स्पष्ट करा’ या प्रश्नाचे उत्तर ती दोन पाने न वाचता लिहिता येते. म्हणून ती वाचली जात नाहीत. गोटुलवर टीप लिहा, असे विचारले की गाईडातील तीच माहिती उत्तरपत्रिकेत उतरते. त्याऐवजी एल्विन यांच्या वर्णनाचा सारांश आणि उषाकिरण आत्राम यांच्या ‘मोट्यारिन’मधील एखादी कविता शेजारी ठेवून, या दोन्हींत बोलते कोण आणि बोलणारा कोठे उभा आहे, असे विचारता येईल. मोट्यारिन म्हणजे गोटुलातील मुलगी. एल्विन यांच्या ग्रंथात तिचे वर्णन होते, आत्राम यांच्या संग्रहाला तिचे नाव आहे. या प्रश्नाचे तयार उत्तर सध्या तरी कोणत्याही गाईडात मिळणार नाही.